केंद्रक मधोमध नसतं

आधी माझी चूक सांगून टाकतो. त्यानं पुढचं लिहिताना लाज कमी वाटेल असं नाही, पण वाचणाऱ्याला शेवटपर्यंत अंधारात ठेवलं असं तरी होणार नाही. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांची नोकरी गेली ती माझ्यामुळे. चिमूटभर कुंकू, एक खोटा शब्द आणि त्यानंतर सहा वर्षांचं गप्प बसणं, एवढ्या सामानावर हे काम झालं. आणि ज्या माणसाची नोकरी गेली तो कसा होता म्हणाल, तर ‘केंद्रक’ या एका शब्दावर इतका जीव लावणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. कुणी दारूपायी वाया जातं, कुणी तमाशापायी. हे मास्तर केंद्रकापायी वाया गेले, असं गावात म्हणायचे. ते खरं नाही. ते माझ्यापायी गेले.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि पुढच्या जूनमध्ये ते आले. जालन्याकडच्या टेंभुर्णीपासून दोन कोसांवरचं आमचं गाव, पत्र्याचं हायस्कूल, आठ शिक्षक. मी गणित शिकवायचो आणि शाळेच्या साहित्याच्या कपाटाची किल्ली माझ्या करगोट्याला असायची. सर एसटीतून उतरले ते एक ट्रंक, एक छत्री आणि घोट्याच्या वर आलेली पँट घेऊन. उतरल्या उतरल्या त्यांनी आमच्या शिपाई मामूंना विचारलं, “मामू, शाळेत सूक्ष्मदर्शक हाय का?”

“हाय की. बिलकुल नवा हाय.”

“नवा कसा? कधी घेतला?”

“लई साल झाले. पण पेटीतून काढलाच न्हाई ना कधी. खराब होईल म्हणून.”

सरांनी ट्रंक तिथंच रस्त्यात ठेवली आणि म्हणाले, “चला, आधी ते दाखवा.” खोली नंतर पाहिली, जेवण त्याच्याही नंतर.

ते गोदावरीच्या काठचे, घनसावंगीकडचे. त्यांच्या बौद्ध वस्तीतले पहिले बी.एस्सी. दोन वर्षं तात्पुरते म्हणून घेतलेले. दुसऱ्या वर्षाच्या तपासणीत शिक्षण खात्याच्या साहेबांचा शेरा चांगला आला तर कायम होणार, नाहीतर ट्रंक उचलायची. कायम झालो की आईला आणि बायकोला इथं आणायचं असं त्यांनी ठरवलं होतं. आई एकटी गावाकडं, तिला दम्याचा त्रास. हे ते फारसं बोलायचे नाहीत, पण गावात रिकामी खोली दिसली की आत डोकावून “धूर कुठून बाहेर जातो हो?” एवढंच विचारायचे. पुढं मला कळलं, की चुलीचा धूर आईला सोसायचा नाही म्हणून ते दोन वर्षं तशी खोली शोधत होते.

आता त्यांचं वेड. शर्टाच्या खिशात काडेपेटी, काडेपेटीत दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा. बिडी ओढायची नाही, मग काडेपेटी कशाला, असं नवख्याला वाटायचं. कांदा दिसला की त्याचं उत्तर मिळायचं. दिसेल त्या कांद्याचा पाकळीएवढा तुकडा कापायचा, आतल्या बाजूचा तो पारदर्शक पापुद्रा नखानं अलगद सोडवायचा आणि उजेडाला धरून पाहत राहायचं. नुसत्या डोळ्यांना त्यात काहीच दिसत नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी पाहायचे. चौकातल्या हॉटेलवाल्यानं एकदा हात जोडले. “सर, कांदा खायला देतो मी. उजेडात बघायला न्हाई. गिऱ्हाईक म्हणतंय कांद्यात आळी हाय की काय.” सर पापुद्र्यातून त्याच्याकडं पाहत म्हणाले, “आळी न्हाई. हजारो खोल्या हायेत. दर खोलीत एक कारभारी.” गिऱ्हाईक उठून गेलं.

माझ्या घरी ते ओसरीवर बसायचे. आमच्याकडं त्यांचा कप वेगळा होता, हे इथं लिहिलं पाहिजे. तो माझ्या आईनं ठेवला होता आणि मी तिला काही बोललो नव्हतो. ते येणार असले की बायको कांदे लपवून ठेवायची. कारण एकदा भजी करायच्या तयारीतले चार कांदे त्यांनी मुलांना शिकवता शिकवता पापुद्रे काढून संपवले होते. “वहिनी, भजी राहू द्या. आज लेकरांनी पेशी पाह्यली.” बायको म्हणाली, “लेकरं पेशी खातील का भाऊजी आता?” त्यावर सर इतके हसले की छत्री ओसरीवरून खाली पडली. मला ते “दादा” म्हणायचे. आठेक वर्षांनी मी मोठा होतो म्हणून, आणखी काही कारण असावं असं मी काही कमावलेलं नव्हतं.

पण खरी गंमत त्या शब्दाची होती. ‘केंद्रक’ हा शब्द दुसऱ्या कुणी ढिलाईनं वापरलेला त्यांना खपायचा नाही. आमच्या मुख्याध्यापकांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, एकदा सूचनावहीत लिहिलं, ‘शिस्त हे शाळेचे केंद्रक आहे.’ सगळ्यांनी सह्या केल्या. यांनी सही केली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘शिस्त ही फार तर भित्तिका होऊ शकेल.’ मोठ्या सरांनी बोलावून घेतलं तर तिथंही समजावत बसले. भित्तिका म्हणजे पेशीची बाहेरची भिंत, ती आकार देते, पण तिला काही कळत नसतं. कधी वाढायचं, कधी एकाचं दोन व्हायचं, हा हुकूम केंद्रकाचा. आणि पुढं म्हणाले, “केंद्रक काढून घेतलं तरी पेशी लगेच मरत न्हाई सर. काही दिवस चालती. फक्त तिला नवीन काही करता येत न्हाई.” हे बोलताना त्यांनी मोठ्या सरांच्या खुर्चीकडं पाहिलं की नाही, याबद्दल आम्हा शिक्षकांमध्ये दोन मतं होती.

नववीतल्या एकाचे वडील भांडायला आले, तेव्हा मी तिथंच होतो. पोरानं पेशीची आकृती काढली होती आणि सरांनी त्याला अर्धाच मार्क दिला होता.

“कंपासनं काढलाय गोल. कुठं वाकडा हाय दाखवा.”

“वाकडा न्हाई हेच चुकलंय, पाटील. आन मधोमध काढलंय.”

“मधोमध न्हाई तर काय कोपऱ्यात काढायचं? नावच केंद्रक हाय ना त्याचं?”

“नाव ठेवणाऱ्यानं ठेवलं. त्यानं पहिल्यांदा पाह्यली ती पेशी तशी असंल. तुमच्या पोरानं कांद्याची काढलीय. कांद्यात ते कडंला असतं.”

“मंग अर्धा मार्क कशाचा दिला?”

“केंद्रक हाय एवढं कबूल केलं त्याचा.”

स्नेहसंमेलनात तर कहर झाला. मोठ्या सरांनी लिहून दिलेलं भाषण सरपंच वाचत होते. “ही शाळा आपल्या गावाचं केंद्रक हाय! जसं पेशीच्या अगदी मधोमध केंद्रक, तशी ही शाळा…” एवढ्यात शिक्षकांच्या रांगेतून आमचे सर उभे राहिले. “साहेब, एक बारीक दुरुस्ती. कांद्याच्या पेशीत मधली जागा पाण्यानं भरलेली असती. रिक्तिका म्हणतेत तिला. ती फुगून फुगून एवढी जागा खाती की केंद्रक भिताडाला जाऊन चिकटतं.”

सरपंच माणूस खेळकर. त्यांनी कागद खाली ठेवला. “म्हंजे कारभारी कडंला आन मधी कोण बसलंय म्हणता?”

“पाणी.”

सरपंच मंचावर अगदी मधोमध बसलेले होते, हे आधी पोरांच्या लक्षात आलं, मग बायकांच्या, आणि शेवटी सरपंचांच्या. मांडव हसून हसून खाली यायचा राहिला. सरपंच स्वतःही हसले. मोठे सर मात्र हसले नाहीत. त्यांनी रुमालानं मान पुसली.

त्या संध्याकाळी आम्ही ओढ्याकडं फिरायला गेलो तेव्हा मी त्यांना रागावलो. कायम व्हायचंय, जरा दमानं घ्या म्हणालो. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, “दादा, औरंगाबादला कॉलेजात मी पहिल्यांदा भिंगात पाह्यलं ना, तवा मोठ्यानं हसलोच. शिकवणारे म्हणले, काय झालं? म्हणलं काही न्हाई. सगळ्या खोलीचा मालक, आन बसलाय कुठं तर कडंला, भिताडाला टेकून. आमच्या वस्तीसारखा.” मी तेव्हा हसलो. त्या शब्दाचा अर्थ मधोमध असा होऊ देणं त्यांना का सोसत नव्हतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

शाळेचं सूक्ष्मदर्शक पितळेचं होतं, कुण्या डॉक्टरानं म्हातारपणी दिलेलं. सरांनी ते पेटीतून काढलं, महिनाभर खपून चालू केलं. भिंगं पुसायला आईच्या जुन्या लुगड्याचा धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा त्यांनी गावाकडून आणला होता आणि तो वेगळ्या डबीत ठेवला होता. काचेला बोट लावायचं नाही. तिच्यावर श्वास सोडायचा नाही. पोरांनी हात धुऊन रांगेत यायचं, हात मागं बांधायचे, एक डोळा लावायचा, दहा आकडे मोजून बाजूला व्हायचं. आणि “दिसलं दिसलं” म्हणायला बंदी होती. “दिसलं म्हणू नका. कुठं दिसलं ते सांगा.” रंगाला दवाखान्यातलं टिंक्चर आयोडीन. त्यानं केंद्रकं पिवळट तपकिरी होऊन भिंतींना टेकलेली दिसायची. मीही पाहिली आहेत. गणिताच्या माणसालाही तिथून डोळा काढावासा वाटत नाही.

आता खंडेनवमी. आमच्या शाळेत त्या दिवशी सगळ्या साहित्याची पूजा व्हायची. पृथ्वीचा गोल, मोठा कंपास, हार्मोनियम, शाळेची घंटा, कवायतीची शिट्टी, मामूंचा झाडू, सगळं टेबलावर मांडून हळद-कुंकू, अक्षता, झेंडू. दुसऱ्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सर गावाकडं निघाले. दसऱ्याला त्यांच्या वस्तीत बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेचा दिवस असतो. जाताना शाळेत थांबून मला म्हणाले, “दादा, बाकीच्याला काय लावायचं ते लावा. भिंगाला काही नका लावू. त्याची पूजा पुसण्यात हाय.” मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी टेबल भरलं. शिट्टीलासुद्धा कुंकू लागलं. आणि कपाट बंद करताना त्या लाकडी पेटीकडं माझी नजर गेली. आमच्या घरात नांगरापासून पाट्या-वरवंट्यापर्यंत एकही वस्तू त्या दिवशी सुटत नाही. सुटली तर ती वर्षभर रुसते, असं मी लहानपणापासून ऐकलेलं. शाळेतली सगळ्यात मौल्यवान वस्तू तेवढी तशीच. मला कसंतरी झालं. शपथेवर सांगतो, खोडी म्हणून नाही, सरांना खाली पाहायला लावावं म्हणूनही नाही. आठ दिवसांवर तपासणी, सरांचं भलं व्हावं असंच मनात होतं. मी पेटी उघडली. डोळ्याजवळचं भिंग नळीतून उपसून ताटात ठेवलं, चिमटीनं हळद-कुंकू वाहिलं, दोन अक्षता टाकल्या, नमस्कार केला. मग सरांचं बोलणं आठवलं आणि घाबरून सगळं माझ्या रुमालानं पुसलं. घाईनं, जोरानं पुसलं. भिंग पुन्हा नळीत बसवलं. वरून स्वच्छ दिसत होतं.

सर सुट्टी संपवून परतले ते तपासणीच्या आदल्या संध्याकाळी. एसटी बंद पडून दिवस गेला होता. घरी न जाता थेट माझ्याकडं आले.

“दादा, पेटी उघडली न्हाई ना कुणी?”

“नाही,” मी म्हणालो.

“मंग ठीक. सकाळी जल्दी किल्ली द्या. एकदा पुसून घेतो.”

त्या रात्री मला झोप आली नाही. पेटीत हळदीचा डाग राहिला असेल का? अक्षता राहिली असेल का? सकाळी ते पेटी उघडणार आणि त्यांना कळणार की मी खोटं बोललो. तेवढं टळावं म्हणून मी काय केलं, तर शाळेत उशिरा गेलो. म्हशीचं कारण सांगितलं. आमच्याकडं म्हैस नव्हती, हे सरांना ठाऊक होतं. ते फाटकात उभे होते, त्या मऊ तुकड्याची डबी हातात घेऊन. मी किल्ली दिली तेव्हा साहेबांची जीप ओढ्यापाशी दिसत होती. पुसायला वेळ उरला नाही.

नववीचा वर्ग. मागच्या बाकावर मोठे सर, त्यांच्या शेजारी मी. साहेब मध्यम वयाचे, स्वच्छ धोतर-कोट, बोलायला गोड. सरांनी पापुद्रा काढला, काचपट्टीवर ठेवला, आयोडीनचा थेंब सोडला. हात अजिबात हलत नव्हता. पट्टी बसवून ते स्वतः डोळा लावणार, तेवढ्यात साहेब पुढं आले. “द्या, आधी मी पाहतो.”

ते वाकले. मग त्यांचा चेहरा खुलला. “व्वा! छान. केंद्रक काय सुंदर दिसतंय. लाल. अगदी मधोमध.”

मोठ्या सरांनी मागच्या भिंतीला टेकून सुस्कारा सोडला. जमलं. साहेब खूश होते. माझ्या छातीवरचाही धोंडा हलला, कारण ते काय आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि साहेबांना कळलं नव्हतं.

सरांचा चेहरा मात्र उतरला. “साहेब, जरा बघू का?” त्यांनी डोळा लावला. दहा आकडे होतील एवढा वेळ ते हलले नाहीत. आता त्यांनी फक्त “हो साहेब” म्हणायचं होतं. दोन शब्द. त्या दोन शब्दांत आई, बायको, धूर बाहेर जाणारी खोली, सगळं होतं. मी मनात म्हणत होतो, म्हणा, म्हणून टाका. ते मान वर करून म्हणाले, “साहेब, हे केंद्रक न्हाई.”

“म्हणजे?”

“केंद्रक मधोमध नसतं. लाल बी नसतं, आयोडीननं तपकिरी होतं. आन एवढ्या पेशी दिसून राह्यल्या, दर पेशीत एक पाह्यजे. हे एकच हाय.”

“मग मला दिसलं ते काय खोटं?”

“दिसलं ते खरं हाय साहेब. पण ते कांद्यात न्हाई, भिंगात हाय. आता बघा, पट्टी सरकवतो. हललं का?”

साहेब वाकले. “नाही.”

“आता भिंग फिरवतो.”

भिंगाबरोबर तो ठिपकाही फिरला असणार. साहेब सरळ झाले. कान लाल झाले होते. पोरांत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मोठे सर ओरडले, “गप्प!” सरांनी डोळ्याजवळचं भिंग काढलं, मऊ तुकड्याचं टोक खालच्या बाजूनं अलगद फिरवलं, उजेडाला धरलं. तुकड्यावर लाल कण.

“काय आहे ते?”

“कुंकू हाय साहेब.”

“सूक्ष्मदर्शकात कुंकू? कुणी घातलं?”

सरांनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. एवढंच की मी बोलणार असलो तर बोलता यावं. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काहीही नव्हतं. मोठे सर म्हणाले, “उपकरणाची जबाबदारी विज्ञानाच्या शिक्षकाची असते, साहेब.”

“बराबर हाय,” सर म्हणाले. “माझी हाय.”

शेरा आला: उपकरणांची निगा नाही, वर्तन उर्मट. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्यांना कळवण्यात आलं की पुढच्या वर्षी यायची गरज नाही.

याच्याहून वाईट पुढं झालं. चौकातल्या हॉटेलात गोष्ट फिरली आणि फिरता फिरता उलटी झाली. “त्यानंच घातलं कुंकू. पूजेची टिंगल करायला. साहेबाला दाखवायला की बघा ही माणसं काय करतेत.” दुसरा म्हणायचा, “मंग? खंडेनवमीला पळून कशाला गेल्ता?” मी तिथं बसून चहा पीत होतो. माझ्या समोर हे बोलणं झालं, एकदा नाही, दहादा. एकदा मामूंनी मध्येच म्हटलं, “नको बोलो वैसा. किल्ली त्यांच्यापाशी नव्हती,” आणि ते माझ्याकडं पाहून गप्प झाले. मी उरलेला चहा संपवला. ते गेले तेव्हा ट्रंक मी एसटीवर चढवली. सर म्हणाले, “दादा, ते पापुद्र्याचं नववीला नक्की शिकवा,” आणि गाडी सुटेपर्यंत दारात उभे राहिले. जूनपासून विज्ञान माझ्याकडं आलं. त्या धड्याचं पान आलं की मी पोरांना ‘घरून वाचून या’ म्हणायचो.

सहा वर्षं गेली. या जुलैत कळलं की ते वाटूरजवळच्या एका खासगी शाळेत आहेत. मध्ये दोन वर्षं रोजगार हमीच्या कामावर हजेरी लिहीत होते. जालन्याला गाडी बदलून मी वाटूर फाट्यावर उतरलो आणि विचारत विचारत गेलो. दोन खोल्या, दारात वह्यांचा गठ्ठा तपासत बसलेले. केस पांढरे झालेले. मला पाहून उठले. “दादा! अगं, दादा आले!” त्यांच्या बायकोनं पाणी आणलं. आईचं विचारलं तर म्हणाले, “गेली. परवाच्या थंडीत. गावाकडंच होती, इथं आणणं झालं न्हाई.”

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “सर, ते कुंकू मी घातलं होतं.”

“ठाऊक हाय.”

“कधीपासून?”

“त्याच दिवशी. किल्ली तुमच्याकडं, आन म्हैस तुमच्याकडं नव्हती.” ते हसले. मग हसू गेलं. “मी तुमच्या तोंडाकडं पाह्यलं. म्हणलं, आता बोलतील. मंग म्हणलं, साहेब गेल्यावर बोलतील. मंग वाटलं, मला एकट्याला तरी सांगतील. गाडी सुटंपर्यंत दारात उभा होतो मी. मंग सोडून दिलं.”

“मला माफ करा.”

“मला कशाला दादा? मला तर ठाऊकच होतं.” त्यांनी वही मिटली. “माझा भाचा टेंभुर्णीच्या बाजारात गेल्ता मागं. तुमच्या गावचा एक जण म्हणला, तूच का रे त्या मास्तरचा भाचा, देवाचं कुंकू साहेबाच्या डोळ्यात घालणाऱ्या? पोरगं रडत आलं. त्यांना ठाऊक न्हाई. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांगा.”

एवढंच बोलले. रागानं नाही. पुन्हा लगेच आमच्या गावच्या पावसाचं विचारू लागले, पोरांचं विचारू लागले, वहिनी अजून कांदे लपवतात का म्हणाले. मला फाट्यापर्यंत सोडायला आले आणि गाडीची वाट पाहताना बाभळीच्या पानावर कसलासा ठिपका दाखवून अर्धा तास बोलत राहिले. त्यांच्या जागी मी असतो तर दारातसुद्धा उभं केलं नसतं.

पंधरा ऑगस्टला झेंडा झाला. मोठे सर निवृत्त झाले आहेत. नव्या मुख्याध्यापकांना मी दोन मिनिटं मागितली. त्यांना वाटलं, गणिताच्या परीक्षेचं काही असेल. समोर पोरं, त्यांच्या मागं गाव. हॉटेलवाला होता, माजी सरपंच होते, मामू भिंतीपाशी उभे. पोरांपैकी निम्म्यांनी सरांना पाहिलेलंही नव्हतं. मी काय बोललो ते मलाच नीट ऐकू आलं नाही; झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती आणि मी खाली पाहून बोलत होतो. बोलून मी खाली उतरणार, तेवढ्यात मागून एक म्हातारं ओरडलं, “काय म्हणला? इथवर ऐकू न्हाई आलं. जोरात बोला की मास्तर!”

मी पुन्हा वर चढलो. या खेपेला सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

“सहा वर्षांमागं साहेबांच्या तपासणीत भिंगात जे कुंकू निघालं, ते मी घातलं होतं. सरांनी नाही. ते गावात नव्हते, आणि लावू नका असं मला सांगून गेले होते. मी त्यांच्याशी खोटं बोललो. साहेबांसमोर गप्प बसलो. नंतर हॉटेलात तुम्ही त्यांना नावं ठेवत होता तेव्हाही तिथंच बसून गप्प राहिलो. त्यांची नोकरी गेली आणि त्यांचं काम मी घेतलं. त्यांच्यासारखा खरा माणूस या शाळेला मिळाला होता. त्यांची मी माफी मागतो, आणि तुमचीही.”